पावसाचं पाणी घरात शिरत असेल तर: उतार, नाली आणि अर्ज

मराठवाड्यात प्लॉट घेताना माणूस हमखास विचारतो, बोअरला किती फुटांवर पाणी लागतं? पावसाचं पाणी या प्लॉटवरून कुठे जातं, हे विचारणारा विरळाच. आपल्या भागाची आठवणच दुष्काळाची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडची गावं पाण्यात गेली. शहराच्या कडेला, शेताचे तुकडे पाडून झालेल्या वसाहतींत तर पूर यायचीही गरज नसते. तासभर जोराचा पाऊस झाला की पाणी अंगणात, मग उंबऱ्याला, मग घरात.

मी अशाच एका गुंठेवारी वसाहतीच्या सखल टोकाला राहते. आमच्या गल्लीचा प्रश्न सुटला. पण आधी कशाला हात घालायचा, कोणत्या कार्यालयात कोणता कागद लागतो, हे एका जागी सांगणारं कोणी भेटलं नाही. ते इथे क्रमाने मांडते.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती. घरात पाणी शिरलं की लोक दुसऱ्याच दिवशी मुरमाच्या ट्रॉल्या बोलावतात. थोडं थांबा. पाणी कुठून येतं आणि कुठे जाणार, हे कळल्याशिवाय केलेला भराव पाणी फक्त ढकलतो: शेजाऱ्याच्या घरात, नाहीतर आपल्याच सेप्टिक टँकमध्ये. पहिल्या चार पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही. त्या आधी करा.

१. पाणी कोणतं आहे ते ओळखा

घरात शिरणारं सगळं पाणी एकसारखं नसतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पाऊस सुरू होताच पाच-दहा मिनिटांत अंगण भरत असेल आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल, तर ते तुमच्याच गच्चीचं आणि अंगणाचं आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार. काम तुमच्या हातात आहे.

पाऊस जोर धरल्यावर काही वेळाने, गढूळ, काडीकचरा आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन फाटकातून येत असेल, तर ते रस्त्याचं, म्हणजे वरच्या वसाहतीचं किंवा वरच्या शेताचं पाणी आहे. मातीचा रंगही बघा. काळं गढूळ आलं तर शेतातून, तांबूस आलं तर बहुधा मुरमाच्या रस्त्यावरून किंवा नव्या प्लॉटिंगमधून.

संडासाच्या भांड्यातून, न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येऊन पाणी वर चढत असेल, वास येत असेल, तर ड्रेनेज उलटं मारतंय. याला अंगणात कितीही फरशी टाका, उपयोग नाही.

पाऊस थांबून तास-दोन तास झाले आणि तरीही पाणी वाढतच असेल, तर ते नाल्याचं किंवा नदीचं फुगवट्याचं पाणी. नांदेडमध्ये विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी वाढली की शहरातले नाले नदीत रिकामे होत नाहीत, सखल भागात पाणी तुंबतं. हे एका घराने सुटणारं काम नाही. अशा जागी नगररचना किंवा जलसंपदा विभागाकडे पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर दुरुस्तीवर पैसा ओतण्याआधी शांतपणे विचार करा.

पाचवा प्रकार छुपा आहे. पाणी दिसत नाही, पण पावसाळाभर भिंतीच्या पायथ्याला ओल चढते, रंगाचे पोपडे निघतात, फरशी मध्येच उचलते. पायाशी पाणी मुरत असल्याची ही खूण आहे, आणि काळ्या मातीत ती हलकी घेऊ नये.

२. भर पावसात नोंद ठेवा

उन्हाळ्यात कार्यालयात जाऊन "आमच्याकडे पाणी येतं" म्हटलं की समोरचा साहेब कोरड्या रस्त्याकडे बोट दाखवतो. म्हणून पुरावा पावसातच तयार करायचा.

- मोबाइलमध्ये तारीख-वेळ उमटेल असे फोटो घ्या. फाटक, रस्ता, नालीचं तोंड, शेजारचा रिकामा प्लॉट, सगळं.
- एक सलग व्हिडिओ हवाच: पाणी जिथून वळतं तिथून चालत घरापर्यंत या.
- पाणी ओसरल्यावर भिंतीवर उरलेल्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो घ्या.
- किती वाजता आलं, किती वाजता ओसरलं, वहीत लिहा.
- त्या दिवशीचा तुमच्या महसूल मंडळाचा पाऊस लिहून ठेवा. मंडळनिहाय आकडे सरकारच्या पावसाच्या संकेतस्थळावर मिळतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर सरकारी भाषेत ती अतिवृष्टी, आणि पुढे पंचनाम्याला हाच आकडा विचारतात.

एखाद्या दिवशी ३० मिलिमीटरलाही पाणी शिरलं असेल तर ती नोंद सर्वांत मोलाची. "अतिवृष्टी होती, आम्ही काय करणार" हे उत्तर तिथेच बंद होतं.

३. उतार मोजा

डोळ्याला जमीन सपाट दिसते. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणा, साधारण ५० फूट, अर्धा इंची. पाणी भरा आणि आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक फाटकाच्या खांबावर एका खुणेला धरायचं, दुसरं जिथे मोजायचंय तिथे. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला थांबतं. त्या पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. जिथे अंतर जास्त, ती जागा खोल.

आमच्या इथे मिस्त्रींनी खांबावर पेन्सिलने रेघ मारली, मग नळीचं एक टोक अंगठ्याने दाबून रस्त्याच्या मधोमध गेले, अंगठा काढला. नळीतलं पाणी हेलकावत हेलकावत स्थिर झालं. टेप लावला आणि म्हणाले, "ताई, रस्ता तुमच्या उंबऱ्याच्या तीन इंच वर हाय. पाणी तुमच्याकडंच यायलंय, दुसरीकडं जाईल कसं?" तोपर्यंत गल्लीतलं प्रत्येक जण शेजारच्या कंपाउंड भिंतीला दोष देत होतं. खरं कारण रस्ता होता. जुना रस्ता न उकरता त्यावर सिमेंटचा नवा थर टाकला होता. वसाहती-वसाहतींत हेच घडतं: दर काही वर्षांनी रस्ता चढतो आणि घरं आपोआप खड्ड्यात जातात.

किमान या सहा जागांची पातळी घ्या: उंबरा, अंगणाचे चार कोपरे, सेप्टिक टँकचं झाकण, फाटकासमोरचा रस्ता, नालीचा तळ, आणि गल्लीच्या शेवटी जिथे पाणी सुटतं तो नाला. कागदावर साधं चित्र काढून आकडे टाका. नालीचा तळच उलट्या ढाळाचा निघाला तर नवल वाटून घेऊ नका, फार ठिकाणी तसं असतं.

४. जुने नकाशे काढा

पूर्वी तिथे ओढा वाहत होता का, हे जागेवर दिसत नाही, नकाशात दिसतं. गट नंबर घेऊन भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात गाव नकाशाची नक्कल मागा. नाले-ओढे त्यात दाखवलेले असतात. महाभूनकाशा संकेतस्थळावर गटाच्या हद्दी घरबसल्या दिसतात, आणि गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. वसाहत व्हायच्या आधीच्या चित्रात शेतातून जाणारी गडद झाडांची रांग दिसली तर तो ओढाच असतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. "इथून लवण जात होतं" (लवण म्हणजे पाणी वाहून जायचा सखल पट्टा) असं कोणी म्हणालं तर ते नकाशाशी ताडून बघा.

आता कागदपत्रं. ही एका फाइलमध्ये लावून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर लागतात:

- खरेदीखत, सातबारा किंवा पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक)
- मालमत्ता कराची चालू पावती. गाव असेल तर नमुना ८ चा उतारा
- मंजूर रेखांकनाची प्रत, किंवा २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेलं असेल तर ते प्रमाणपत्र
- बांधकाम परवाना, असल्यास
- गाव नकाशाची नक्कल
- पातळ्यांचं चित्र, फोटो, पावसाच्या नोंदी
- गल्लीतल्या घरांची नावं, घर क्रमांक आणि सह्या

गुंठेवारी नियमित नाही म्हणून नाली मागता येत नाही, असं पुष्कळांना सांगितलं जातं. कर भरत असाल तर अर्ज द्यायला कोणी अडवू शकत नाही. मात्र नियमितीकरण झालेलं असलं की त्या भागात निधी टाकताना अडचण कमी येते, तेव्हा तेही काम बाजूने चालू ठेवा.

५. आपल्या हद्दीतलं काम

आधी पाण्याचा अंदाज घ्या. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पडला तर नुसत्या गच्चीवरून साडेचार हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. घाबरण्यासारखं हे नाही, सहा इंची पाइप ते सहज नेतो. पण वरच्या बाजूला पाच एकरांची वसाहत असेल तर त्याच तासात तिथे दहा लाख लिटर पडतं. म्हणून घरातली नाली कितीही छान केली तरी रस्त्याचं पाणी तिच्यात घेऊ नका. ते बाहेरच्या बाहेर गेलं पाहिजे.

*गच्ची.* हजार फुटांना चार इंची दोन पाइप तरी ठेवा. एकच असला आणि त्यात पिंपळाची पानं अडकली की गच्चीचा हौद होतो. पाइपच्या तोंडाला घुमटाची जाळी बसवा, सपाट जाळी लगेच बुजते. पाइप खाली भिंतीच्या पायथ्याशी मोकळा सोडू नका. तो थेट चेंबरमध्ये न्या.

*घराभोवतीची पट्टी.* आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पायाशी एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असलं की घर वेडंवाकडं उचललं जातं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. म्हणून घराभोवती अडीच-तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी घाला, बाहेरच्या बाजूला किमान दीड इंच ढाळ देऊन. भिंत आणि पट्टीच्या सांध्यात डांबर भरा, नाहीतर पाणी नेमकं तिथूनच खाली जातं. गवंडी ही पट्टी शेवटी उरलेल्या मालातून उरकतात. उभं राहून करून घ्या. आणि भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे नकोत, पट्टीच्या पलीकडे लावा.

*अंगणातली नाली.* १०० ला १ ढाळ पुरतो, म्हणजे ३० फुटांत साडेतीन इंचांच्या वर थोडं. बंद पाइप टाकत असाल तर प्रत्येक वळणावर चेंबर हवा. उघडी नाली असेल तर वर उचलता येतील असे ढापे. सिमेंटने पक्के बसवलेले ढापे पुढच्या पावसाळ्यात फोडावेच लागतात. शेवटच्या चेंबरमध्ये तळ सहा इंच खोल ठेवा, गाळ तिथे बसेल आणि वर्षातून दोनदा काढता येईल.

*शोषखड्डा.* याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे इथे फार वाया जातात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे करून गटारं आणि डास संपवले, ते काम मोलाचंच आहे. पण घरातलं सांडपाणी दिवसभरात थोडं थोडं येतं. पावसाचं पाणी एका तासात हजारो लिटर. काळी माती एकदा फुगली की पाणी पिणं जवळजवळ थांबवते. त्यात एक फसगत आहे. लोक मे महिन्यात खड्डा खणून टँकरने पाणी सोडून बघतात, पाणी भराभर जिरतं, सगळे खूश. ते जिरतं उन्हाळ्याच्या भेगांमधून. जुलैत त्या भेगा मिटलेल्या असतात आणि खड्डा तुडुंब. चाचणी घ्यायचीच तर खड्डा आदल्या दिवशी भरून ठेवा, माती पूर्ण भिजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाला किती इंच उतरतं ते बघा. काळ्या मातीखाली मुरूम लागेपर्यंत खड्डा गेला तर उपयोग आहे, काळ्या मातीतच थांबला तर नाही. आणि काहीही झालं तरी पायापासून दहा फूट लांब.

*बोअर.* गच्चीचं पाणी गाळणीतून बोअरला जरूर द्या. वर्षाला ७०० मिलिमीटर धरले तरी हजार फुटांच्या गच्चीवर ६५ हजार लिटर पडतात, त्यातलं बरंचसं धरता येतं, आणि आपल्याकडे हे पाणी वाहून जाऊ देणं जिवावर येतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं. पण अंगणाचं किंवा रस्त्याचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. त्यात डिझेल, शेण, मैला सगळं असतं, आणि ते तुमच्यासकट आजूबाजूच्या सगळ्या बोअरमध्ये उतरतं.

*ड्रेनेज.* गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं हा गल्लोगल्ली चालणारा घोटाळा आहे. मैल्याची लाइन तेवढ्या पाण्यासाठी नसते. दहा घरांनी तसं केलं की सगळ्यात खालच्या घराच्या संडासातून पाणी वर येतं. जोडलेलं असेल तर आधी तोडा. आणि तुमच्याकडे उलटं येत असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपवर पाणी परत येऊ न देणारा झडप असलेला वॉल्व्ह बसवा. चेंबरच्या आत नीट हात पोचेल असा, कारण केस आणि चिंध्या अडकल्या की तो बंद होत नाही.

*भराव.* वरचं सगळं झाल्यावरही अंगण रस्त्याखाली राहत असेल तरच. मुरूमच टाका, काळी माती नाही. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मस करून. भराव घरातल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली थांबला पाहिजे. न्हाणीचा आउटलेट आणि सेप्टिक टँकचं झाकण दोन्ही वर घ्यायचे आहेत हे मिस्त्रींना आधीच सांगा, नंतर ते वेगळं काम म्हणून पैसे मागतात.

६. शेजाऱ्यांशी बोला, भांडणाआधी

१८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर जाऊ देणं भाग असतं. म्हणजे तुम्ही सखल असाल तर वरच्याचं पाणी "येऊच देणार नाही" असं म्हणून आंधळी भिंत घालता येत नाही. पण वरच्यानेही पाइप लावून, भराव टाकून, सगळं पाणी एका ठिकाणी गोळा करून तुमच्या दारात सोडणं हे नैसर्गिक वाहणं नव्हे. दोघांनी हे समजून घेतलं तर निम्मी भांडणं मिटतात.

पातळ्यांचं चित्र घेऊन जा. "काका, तुमच्यामुळे पाणी येतं" म्हणण्याऐवजी "काका, हे बघा, आपल्या दोघांच्या मधून एक नाली काढली तर तुमच्या मागच्या भिंतीची ओलही जाईल" असं म्हणून बघा. हद्दीवर दोघांची मिळून एक नाली, खर्च निम्मा-निम्मा, आणि ती कोणी बुजवायची नाही असं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. कंपाउंड भिंत असेल तर तळाशी दर पाच-सहा फुटांवर पाण्याची भोकं ठेवा.

७. रस्ता आणि नाली: योग्य दार ठोठवा

अर्ज द्यायच्या आधी रस्ता कोणाचा, हे शोधा. वसाहतीतला रस्ता महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा, गावातला ग्रामपंचायतीचा. मोठा रस्ता जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. कालव्याचं पाणी असेल तर जलसंपदा. महामार्ग उंच झाला आणि खालची मोरी बुजली म्हणून पाणी तुंबत असेल, तर नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवून काहीच होत नाही.

अर्ज एकट्याने नको, गल्लीचा द्या. मोठं पत्र कोणी वाचत नाही. एवढं पुरतं:

"आमच्या गल्लीतील रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यापेक्षा सुमारे __ इंच वर आहे व पूर्वेकडील नालीस उलटा उतार आहे. दि. __ रोजी __ मिलिमीटर पावसात __ घरांत पाणी शिरले. सोबत पातळ्यांचा नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. कनिष्ठ अभियंत्यांमार्फत स्थळपाहणी करून नालीचा ढाळ दुरुस्त करावा, तसेच पुढील रस्ताकाम करताना जुना थर काढून मगच नवीन थर टाकावा, ही विनंती."

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. स्थळपाहणीला अभियंता आला की लेव्हलची नळी त्याच्यासमोर लावा. आमचं काम हललं ते त्या दिवशी.

मार्गी लागत नसेल तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज लागतो. गावात असाल तर ग्रामसभेत विषय मांडून ठराव लिहून घ्या आणि पुढच्या विकास आराखड्यात नालीचं काम घालायला लावा. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा येत नाही.

रस्ता किंवा नाली नुकतीच झालेली असेल तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि दोष दायित्व कालावधी कधीपर्यंत आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल तर उलट्या ढाळाची नाली ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. हे मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

नाली मंजूर झाली की निवांत बसू नका. सर्वांत मोठा धोका इथे आहे: नाली होते, पण ती जिथे सुटते ते तोंड तसंच राहतं. वरून दोन फुटांची नाली आणि पुढे एक फुटाचा बुजलेला पाइप, असं झालं की पाणी नेमकं जोडावर उसळून जवळच्या घरात जातं. म्हणून काम नेहमी खालच्या टोकाकडून, नाल्याच्या बाजूने वर आलं पाहिजे. ठेकेदार रस्त्याच्या सोयीच्या टोकापासून सुरू करू बघेल. आग्रह धरा.

८. दाद मिळाली नाही तर

सार्वजनिक नाला किंवा वाट अडवल्यामुळे पाणी तुंबत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. याच जुन्या कलमावरून मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांचं प्रकरण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. गटारं करायला पैसा नाही, ही नगरपालिकेची सबब न्यायालयाने ऐकली नाही. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

शेतातलं पाणी अडवल्याचा वाद तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय कायदा १९०६ खाली नेता येतो, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पण तो शेतजमिनीसाठी आहे. निवासी प्लॉट असेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे वकिलाशिवाय जाऊ नका.

९. कामाचं वेळापत्रक

नालीचं आणि अंगणाचं काम एप्रिल-मेमध्ये, मृग निघायच्या आत. पालिकेचे अर्ज मात्र दिवाळीनंतर लगेच, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात काम बसतं. जूनचा पाऊस झाला आणि पाणी शिरलं नाही म्हणून समाधान मानू नका. आपल्याकडे खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये होते, जमीन भिजून तृप्त झाल्यावर. पोळ्याच्या सुमारास चेंबरमधला गाळ पुन्हा एकदा काढा.

१०. यंदा पाणी आलंच तर

पाणी उंबऱ्याला टेकायच्या आत मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर जमिनीवर असेल तर तो आधीच उचलून ठेवलेला हवा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावू नका. तार तुटून पडली असेल तर महावितरणचा १९१२. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. फाटकाला रेतीच्या गोण्या लावताना खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि गोण्या निम्म्याच भरा, त्या चपट्या बसतात आणि फट राहत नाही. पाण्याबरोबर साप-विंचू येतात, अंधारात हात घालू नका. साप चावलाच तर १०८.

ओसरल्यावर झाडू उचलण्याआधी फोटो. चिखल धुतला की पुरावाही धुतला जातो. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, पंचनाम्याला येतील तेव्हा आधार, बँक पासबुकची प्रत आणि घराचा उतारा तयार ठेवा. भिजलेलं धान्य, गाद्या, पडलेली भिंत, प्रत्येक गोष्ट लिहिली आहे का ते वाचून मगच सही करा, आणि सही केलेल्या पानाचा फोटो तिथेच काढून घ्या. जमिनीतला हौद उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन झाल्याशिवाय त्यातलं पाणी स्वयंपाकाला घेऊ नका. तोवर उकळलेलं पाणीच प्या, लहान मुलांना तर नक्कीच.